डाव्या हाताचा कोयता

आमच्या पडवीत खिळ्याला एक कोयता टांगलेला आहे. शेजारच्या खिळ्याला त्याचं चामड्याचं म्यान. मागच्या दिवाळीला पुण्याहून नात आली होती. नऊ वर्षांची पोर. कोयत्याकडं बघून दबकत म्हणाली, "आजोबा, हा तुम्ही कशाला ठेवलाय? पोलीस पकडतील ना!"

तिचं तरी काय चुकलं? पेपर उघडला की कोयता गँग, टीव्ही लावला की कोयता गँग. ज्या हत्यारानं आमच्या मुलखात हजारो चुली पेटवल्या, त्याचं नाव पोरांना आता अशा बातम्यांतूनच कळतं. म्हणून म्हटलं, या कोयत्याची हकीकत एकदा लिहून ठेवावी. तो कुणी घडवला, म्यान कुणी शिवलं आणि त्यात आमच्या घराचं देणं किती राहिलं, सगळंच.

आमची वस्ती श्रीरामपूरपासून सायकलच्या वाटेवर. आता श्रीरामपूर मोठं शहर झालं, पण मुळात ते रेल्वेच्या स्टेशनाभोवती वाढलेलं गाव. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. बेलापूर गावाला जायचं ते स्टेशन, म्हणून नाव बेलापूर रोड. गावाचं नाव बदललं, पण स्टेशनावर पाटी अजून बेलापूरचीच आहे. पुढं १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. हरेगावला बेलापूर कंपनीनं साखर कारखाना काढला. पलीकडं लोणीला विठ्ठलराव विख्यांनी शेतकऱ्यांना जमवून सहकारी कारखाना उभा केला, त्याचं गाळप १९५० ला सुरू झालं. जिथं बाजरी आणि हुलगा पिकायचा तिथं ऊस आला, आणि उसाबरोबर कोयता आला.

कोयता आधीही होताच. झाडाच्या फांद्या तोडायला, कुंपणाच्या काट्या काढायला. पण उसानं त्याचं रूप बदललं. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. सगळ्यात जास्त साखर बुडख्यात असते. वर खोडकी राहिली तर साखर वावरातच राहते आणि खोडवाही नीट फुटत नाही. म्हणून उसाच्या कोयत्याचं पातं रुंद, पुढं जरा वाकलेलं, आणि मुठीजवळची मान किंचित वळवलेली, म्हणजे खाली वार करताना बोटं मातीला घासत नाहीत. बुडखा तोडायचा, पाचट सोलायचं, वाढं छाटायचं, सगळं त्या एकाच हत्यारानं.

दिवाळी झाली की पाथर्डीकडून, बीडकडून तोडणीवाल्यांच्या टोळ्या यायच्या, अजून येतात. मुकादम त्यांची मोजणी करतो ती माणसांनी नाही, कोयत्यांनी. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. "यंदा वीस कोयते आणलेत," असं मुकादम म्हणतो, तेव्हा त्यात चाळीस माणसं असतात आणि त्यांच्या मागं पाचटात खेळणारी पोरं असतात, ती मोजलेली नसतात. माणसाचं नाव जाऊन हत्याराचं नाव लागावं, असा हा धंदा.

आता माझ्या आईचं सांगतो. आई डावखुरी होती. आज कुणाला त्याचं काही वाटत नाही; पण त्या काळी सासरी आलेली डावखुरी सून म्हणजे रोजची बोलणी. डाव्या हातानं वाढायचं नाही, डाव्या हातानं द्यायचं नाही. आजीनं लगीन झाल्यावर वर्षभर तिचा डावा हात पदराखाली ठेवायला लावला होता म्हणे. भाकरी ती उजव्या हातानं थापायला शिकली, पण कोयता उजव्या हातात बसेना. काम नेटानं करायचं म्हटलं की डावा हातच पुढं यायचा.

आणि कोयता उजव्याचा. ही गोष्ट ज्यानं कोयता धरला नाही त्याला पटकन कळायची नाही. आमच्या गावचा लोहार कोयत्याची एक बाजू सपाट ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूनं उतार देऊन धार काढायचा. उजव्या हातानं वार केला की पातं उसात सरळ शिरतं. तेच डाव्या हातानं मारलं की उतार उलट्या बाजूला जातो आणि पातं घसरतं. मानेचं वळणही उलटं पडतं. आईच्या उजव्या पायाच्या नडगीवर तीन-चार जुने वण होते. घरात सगळ्यांना वाटायचं, डावखुरी आहे म्हणून धांदरट आहे. तिलाही तसंच वाटायचं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमचं रान कालव्याच्या अगदी शेपटाला. पाणी येता येता संपायचं. ज्वारी करपून गेली. आई आणि नाना, म्हणजे माझे वडील, खडीच्या कामावर जायचे. १९७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या कामाजवळ घिसाड्यांची एक बैलगाडी येऊन उतरली. दगडाच्या कामावर टिकाव आणि पहारी रोज बोथट व्हायच्या, त्या शेवटून द्यायला कुणीतरी लागायचंच.

गावचा लोहार बलुतेदार. त्याचं घर, भाता, ऐरण गावातच, आणि सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. घिसाडी तसा नाही. त्याचं घर म्हणजे गाडी. आज या गावाच्या माळावर, चार दिवसांनी पुढच्या. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' लिहिलं, त्यात गावातल्या कारू-नारूंबरोबर या फिरस्त्या लोकांचीही दखल घेतली आहे. आपले पूर्वज राजपूत होते, असं घिसाडी लोक सांगतात. त्यांची बोली वेगळी, गुजराती-राजस्थानीच्या वळणाची. आपल्याशी बोलताना मात्र चोख मराठी.

शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. जमिनीत उकरलेली लहानशी भट्टी, बाभळीचा कोळसा, एक पोरगं भात्यावर. गडी सांडशीत लोखंड धरायचा आणि लहान हातोडीनं ठिकाण दाखवायचा. त्या ठिकाणी घण घालायची ती त्याची बायको. आमच्याकडं बाईनं नांगर धरायचा नाही म्हणत, आणि ही बाई पदर खोचून दणादण घण घालत होती. हातोडीचा टक आणि घणाचा ठण, एकही घाव चुकायचा नाही.

एक दिवस आई जुना कोयता शेवटायला घेऊन आली. दुष्काळात जनावरांना ऊस बारीक करून घालत होतो, त्यात त्याची धार गेली होती. घिसाडीण मावशीनं कोयता उलटसुलट करून पाहिला. मग आईला म्हणाली, "ही लाकडाची ढपली तोडून दाखव." आईनं सवयीनं डाव्या हातानं घाव घातला. मावशी नवऱ्याकडं बघून काहीतरी त्यांच्या बोलीत बोलली आणि आईला म्हणाली, "बाई, तुझा हात डावा आणि कोयता उजवा. तो तुझं ऐकायचा कसा?"

एवढंच वाक्य. पण माझी आई तिथंच ढेकळावर बसली. इतकी वर्षं ती स्वतःला वेंधळी समजत होती. दोष हाताचा नव्हता, हत्याराचा होता, हे तिला पहिल्यांदा एका परक्या बाईनं सांगितलं.

मावशीनं कडब्याची एक काडी घेतली. आईच्या मुठीची रुंदी, मनगटापासून कोपरापर्यंतची लांबी त्या काडीवर नखानं खुणा करून घेतली. गाडीखालून ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा काढला. हे पाट्याचं लोखंड साधं नसतं. माझा पुतण्या पुढं आयटीआयला होता, त्यानं मला समजावून सांगितलं. साध्या लोखंडात कार्बन फार थोडा, म्हणून ते कितीही तापवून पाण्यात घातलं तरी कडक होत नाही. पाट्यात तो शंभरात अर्ध्या भागाच्या आसपास किंवा थोडा जास्त असतो, म्हणून धार टिकते. घिसाड्याला यातला आकडा ठाऊक नव्हता. तो पाटा ऐरणीवर आपटून आवाज ऐकायचा, कानशीनं घासून बघायचा आणि मान हलवायचा.

पाटा लाल करून लांबवला, मग रुंद केला, मग वाक दिला. मान उलट्या बाजूला वळवली. सगळ्यात नाजूक काम पाणी देण्याचं. पातं लाल करून फक्त धारेची कड पाण्यात बुडवली आणि काढली. मागची ऊब हळूहळू धारेकडं यायला लागली. घासून चकचकीत केलेल्या कडेवर रंग चढताना मी डोळ्यांनी पाहिले: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर धार फार कडक, दगडाला लागली की काचेसारखी उडणार. निळा पार उतरू दिला तर नरम पडणार. जांभळ्याचा निळा होता होता त्यानं पातं पुन्हा पाण्यात सोडलं. पुतण्या म्हणतो, पिवळा रंग सव्वादोनशे अंशांच्या आसपास येतो आणि निळा तीनशेच्या. तिथं माप नव्हतं, फक्त नजर होती. उन्हात रंग ओळखू येत नाही म्हणून मावशीनं आपल्या पदराची सावली धरली होती, तेही आठवतं.

हे ज्ञान आपल्या दख्खनला नवं नाही. तेलंगणात कोनसमुद्रम, निर्मळ भागात मुशीत पोलाद व्हायचं आणि ते न्यायला इराणचे व्यापारी यायचे. तलवारींची नावं झाली, त्यांची गाणी झाली. ज्यांनी कोयते, विळे, खुरपी घडवली त्यांचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. मीही त्या जोडप्याचं नाव विचारलं नव्हतं.

धार काढताना सपाट बाजू आणि उतार, दोन्ही उलटे ठेवले. बाभळीच्या मुठीत पात्याचं शेपूट तापवून ठोकलं, वर लोखंडी कडं चढवलं. आईनं हातात घेतला आणि पुन्हा ढपलीवर घाव घातला. ढपलीचे दोन तुकडे झाले. आईनं कोयत्याकडं पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडं.

पैसे तर कुणाकडंच नव्हते. नाना म्हणाले, "पुढच्या सुगीला दोन पायल्या ज्वारी देतो." मावशी म्हणाली, "येऊ की. रस्ता काय कुठं जातोय?"

पुढच्या वर्षी ज्वारी झाली. आईनं दोन पायल्या निवडून मडक्यात बाजूला ठेवल्या. गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाही. दुष्काळात माणसं कुठल्या कुठं पांगली होती. तिसऱ्या वर्षी त्या ज्वारीला कीड लागली, तेव्हा आईनं ती कोंबड्यांना घातली आणि नवी भरून ठेवली. ती जिवंत असेपर्यंत आमच्या घरात ते मडकं होतं.

आता म्यानाची गोष्ट. मी दहावीला होतो तेव्हा एकदा सायकलवर बहिणीला मागं बसवून रानात चाललो होतो. कोयता गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला खोचला होता. खडबडीत रस्त्यानं गोणपाट सुटलं आणि त्या कोयत्यानं बहिणीची पोटरी उघडी केली. श्रीरामपूरला डॉक्टरनं सात टाके घातले. ती लंगडत नाही, पण पावसाळ्यात अजून तिथं ओढ बसते म्हणते. चूक सगळी माझी. आईनं सांगितलं होतं, "हातात धरून ने." मला घाई होती.

दोन दिवसांनी गावातले चांभारआबा आपण होऊन आमच्याकडं आले. आम्ही पोरं त्यांना आबाच म्हणायचो. त्यांनी नानांना विचारलं, "पाटील, जुनी मोट हाय का अजून?" विहिरीवर ऑइल इंजिन आल्यापासून मोट गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती, उंदरांनी सोंड कुरतडलेली. ती मोट आबांच्या वडिलांनीच शिवली होती, बलुत्यावर. म्हशीचं जाड कातडं, चुन्यात केस काढून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. वीस-पंचवीस वर्षं पाण्यात बुडून वर आलेलं, तरी मधला भाग शाबूत.

आबांनी अंगणात बसून रापीनं दोन तुकडे कापले आणि रात्रभर भिजत घातले. दुसऱ्या दिवशी कोयत्याला फडकं गुंडाळून त्यावर ओलं कातडं दाबून बसवलं, कोयत्याचा वाक त्यात उठेपर्यंत. मग मला जवळ बोलावून दाखवलं: "हे बघ, नुसते दोन पदर शिवले तर धार टाके कापीत जाती. म्हणून मधी ही तिसरी पट्टी. धार पट्टीवर बसंल, टाक्यावर न्हाई." मेण लावलेला दोरा, आरीनं भोक, दोन्ही बाजूंनी दोन सुया. वाकडं पातं सरळ म्यानात शिरत नाही, म्हणून पाठीची बाजू उघडी ठेवून वर चामड्याचा बंद आणि लाकडाची गुंडी. तळाला बारीक भोक, पाणी साठू नये म्हणून. सावलीत वाळवलं, करंजीचं तेल चोळलं. जाताना बजावलं, "म्यान वाटंसाठी. घरी आल्यावर कोयता भाईर काढून टांगायचा. कातडं पाणी धरतं, लोखंड खातं." म्हणून आजही आमच्याकडं कोयता एका खिळ्याला आणि म्यान दुसऱ्या.

काम झालं तेव्हा आईनं चहा केला. आमच्या वळचणीला एक कानतुटकी कपबशी खोचलेली असायची. ती आबांसारख्यांची. आबा ओट्याखाली बसायचे, ती कपबशी स्वतः काढायचे, स्वतः विसळून परत खोचायचे. कोयता आईच्या मुठीला नीट बसतो की नाही हे बघायला त्यांनी तिचा हात निरखून पाहिला होता, पण ओट्यावर त्यांचं पाऊल कधी पडलेलं नव्हतं. त्या दिवशी आईनं घरातल्या कपात चहा आणला आणि डाव्या हातानं पुढं केला.

आजी ओरडली, "अगं, डाव्या हातानं कुणी देतं का?" खरं तिला कपाचं बोलायचं होतं, पण आबांच्या तोंडावर ते बोलवेना. आई म्हणाली, "याच हातासाठी शिवलंय त्यांनी." आबा काही क्षण थांबले, मग चहा घेतला. पिऊन झाल्यावर त्यांनी कप विसळून पालथा घातला, सवयीनं.

मी तिथंच उभा होतो. नागरिकशास्त्राच्या पेपरात समतेवर पान भरून लिहिणारा पोरगा. मी आबांना "ओट्यावर या" म्हटलं नाही. वळचणीची ती कपबशी पुढं आणखी दोन-तीन वर्षं तिथंच होती. एक दिवस दिसेनाशी झाली. कुणी काढली ते कुणी बोललं नाही. आबांची मुलं पुढं शिकून शहरात गेली, त्यांनी आरी हातात धरली नाही. मला त्याचा आनंदच आहे. त्यांच्या कलेचं कौतुक मी आज लिहितो आहे, पण त्या कलेबरोबर आम्ही त्यांना काय काय सोसायला लावलं, ते वगळून लिहिलं तर हे कौतुक खोटं होईल.

आता बाजारात छापाचे कोयते मिळतात. स्वस्त, एकसारखे, सगळे उजव्या हाताचे. जपानात म्हणे एका बाजूनं धार असलेल्या सुऱ्या डावखुऱ्यांसाठी वेगळ्या बनवतात आणि त्यांना जास्त किंमत पडते. आमच्या आईला तो कोयता दोन पायल्यांत पडला होता, आणि त्याही दिल्या गेल्या नाहीत.

नातीला मी हे सगळं सांगितलं. पोलिसांचंही सांगितलं: नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांवर कायद्याचं बंधन आहे, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. कायद्यानंही कोयत्याला शेतकरीच मानलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांची ज्वारी दिली का?"

लहान पोरं नेमकं तेवढंच विचारतात.

या हिवाळ्यात नेवाशाच्या रस्त्याला घिसाड्यांचं एक बिऱ्हाड उतरलेलं दिसलं. बैलगाडीच्या जागी टेम्पो, भात्याच्या जागी विजेरी पंखा. पण सांडशी गड्याच्या हातात आणि घण बाईच्या. मी घरी जाऊन दोन पायल्या ज्वारी भरून आणली. तिला म्हणालो, "बाई, हा बहात्तरच्या दुष्काळातला हिशेब आहे. तुमचा नसला तरी घ्या." तिला काही उमजेना. मी थोडक्यात सांगितलं. तिनं घण खाली ठेवला, ज्वारी मुठीत घेऊन पाहिली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही फुकट घेत नाही. एक खुरपं करून देते. कोण धरणार?"

"नात," मी म्हणालो.

"कोणत्या हातानं?"

मी सांगितलं, "डाव्या." तिनं मान हलवली आणि पाट्याचा तुकडा शोधायला लागली. हिशेब काही फिटला नाही. मी तिथं बसून राहिलो, भट्टी तापेपर्यंत. उठताना मात्र त्या दोघांची नावं विचारून घेतली.